कुलूप आधी, नोटीस नंतर

गोरेगावच्या सिद्धार्थनगराला सगळी मुंबई पत्रा चाळ म्हणून ओळखते. तिथल्या 672 कुटुंबांच्या पुनर्विकासाचा करार 10 एप्रिल 2008 रोजी झाला. त्यावर सह्या तिघांच्या होत्या: रहिवाशांची सहकारी संस्था, जमिनीची मालक म्हाडा आणि गुरुआशिष कन्स्ट्रक्शन ही विकासक कंपनी. रहिवासी खोल्या रिकाम्या करून गेले आणि वाट बघत बसले.

पुढे विकासकाकडे बँकेचे कर्ज थकले. युनियन बँक राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात गेली आणि 24 जुलै 2017 रोजी 2016 च्या दिवाळखोरी संहितेखाली कंपनीवर प्रक्रिया सुरू झाली. त्याबरोबर कलम 14 चा मोरॅटोरियम लागला. हा मोरॅटोरियम म्हणजे कंपनीच्या दाराला लागलेले कुलूप. तिच्यावर दावा लावता येत नाही, वसुली करता येत नाही आणि तिच्याकडे असलेली आपली मालमत्ताही काढून घेता येत नाही.

म्हाडाची नोटीस निघाली 12 जानेवारी 2018 ला. तीस दिवसांनी करार संपेल, जमीन आमच्या हवाली करा! करार होऊन तोवर पावणेदहा वर्षे झाली होती आणि कुलूप लागून 172 दिवस.

न्यायाधिकरण आणि अपील न्यायाधिकरण, दोघांनीही म्हाडाच्या बाजूने कौल दिला. जमीन म्हाडाची, विकासकाला तिथे फक्त बांधकामापुरता प्रवेश, मग मोरॅटोरियमचा संबंध काय, असा तो युक्तिवाद. सर्वोच्च न्यायालयाने 19 फेब्रुवारी 2020 रोजी तो उलटवला. न्या. रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाचे म्हणणे सरळ होते. कलम 14 मालमत्ता कोणाच्या मालकीची हे विचारत नाही, ती कोण वापरत आहे हे बघते. मालकाने ती परत घेण्यालाच तर हे कलम मनाई करते. कंपनीकडे असलेली इतरांची मालमत्ता वगळणारे कलम 18 चे स्पष्टीकरण त्या कलमापुरतेच आहे, ते इथे ओढून आणता येणार नाही.

निकाल योग्यच होता. कंपनी आजारी पडली की जो तो आपापली वस्तू उचलू लागला, तर वाचवायला उरेल काय? चूक कायद्याची नव्हती, हातात करार असूनही वेळ घालवणाऱ्या मालकाची होती. हीच नोटीस 24 जुलै 2017 च्या पुरेशी आधी निघाली असती, तर सर्वोच्च न्यायालयापर्यंतची ही वारी बहुधा टळली असती. शेवटी म्हाडाने रखडलेले काम पुन्हा हाती घेतले ते 2022 मध्ये. मधल्या वर्षांची किंमत मोजली ती ज्यांना ना नोटीस काढायची होती ना घ्यायची होती, त्या कुटुंबांनी.

नोटिशीची दुसरी बाजू अधिक बोचणारी आहे. प्रक्रिया सुरू झाली की एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात जाहीर घोषणा छापावी लागते. दावा दाखल करायला साधारण चौदा दिवस मिळतात. उशिराच्या दाव्यांनाही वाव आहे, पण मर्यादित. सर्वोच्च न्यायालयाने 2021 च्या घनश्याम मिश्रा खटल्यात सांगून टाकले, की कंपनी सावरण्याच्या मंजूर आराखड्यात जे देणे नाही ते संपले. सप्टेंबर 2023 च्या आरपीएस इन्फ्रास्ट्रक्चर खटल्यात 287 दिवस उशिरा आलेला दावा फेटाळताना न्यायालयाचा रोख असा होता, की जाहीर घोषणा झालेली असताना मुरलेल्या व्यावसायिकाला ‘कळलेच नाही’ म्हणता येणार नाही.

व्यावसायिकाला हे ठीक. पण बारीक टाइपातली, कोर्टाच्या मराठीतली ती चौकट डोंबिवलीहून सातच्या लोकलने निघणारा फ्लॅटधारक वाचतो कधी? अपील न्यायाधिकरणाने हे ओळखले. ज्या ग्राहकांची नावे कंपनीच्या दप्तरात आहेत, त्यांनी दावा केला नसला तरी त्यांची दखल घ्या, असे त्याने जून 2022 मध्ये पुनीत कौर प्रकरणात बजावले. त्याच वर्षी दिवाळखोरी प्रक्रियेच्या नियमांत 6अ आला: दप्तरात असलेल्या प्रत्येक धनकोला टपालाने किंवा ईमेलने घोषणा पाठवा. लगेच पळवाटही आली. पाठवणे शक्य नसेल, तर जाहीर घोषणाच कळवल्यासारखी मानली जाईल. ‘मानले जाईल’ हा कायद्याचा फार लाडका शब्द. पत्ता न शोधण्याचे काम तो छान करतो.

ही पळवाट बंद करायला हवी. बिल्डरची कंपनी असेल तर घोषणा प्रकल्पाच्या फाटकावर आणि संस्थेच्या फलकावर लागली पाहिजे, तीही कळेल अशा मराठीत. एसएमएस पाठवायला तर काहीच अडचण नाही. हप्ता थकला की तो बरोबर येतो.

तोवर ज्यांनी घरासाठी पैसे भरले आहेत, त्यांनी एवढे करावे. दिवाळखोरी मंडळाच्या, म्हणजे आयबीबीआयच्या, संकेतस्थळावर या सगळ्या जाहीर घोषणा असतात. महिन्यातून एकदा तिथे आपल्या बिल्डरच्या कंपनीचे नाव शोधावे, आणि शोधताना करारनाम्यावर छापलेले कंपनीचे पूर्ण नाव घ्यावे. जाहिरातीतले नाव बहुतेक वेळा वेगळे असते.