आधीं नांगर, मग पाना

यंत्र बंद पडलें कीं मनुष्याचा हात विचाराच्या आधींच पान्याकडे जातो. घरांतील शिवणयंत्र असो वा विहिरीवरील पंप असो, अर्ध्या तासांत त्याचे सुटे भाग सतरंजीवर पसरलेले दिसतात. मूळचा दोष तसाच राहतो आणि दोन नव्या दोषांची भर पडते. जमिनीवर ह्या उतावीळपणाची किंमत फार तर कारागिराच्या मजुरीएवढी असते. पाण्यावर तसें नाहीं. कोंकणांतील एखाद्या खाडीचें मुख वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावें: एका बाजूस खडक, दुसऱ्या बाजूस वाळूचा दांडा, मधून चिंचोळी वाट, आणि ओहोटीचें पाणी समुद्राच्या लाटांस भिडत असलेलें. तेथें होडीचें इंजिन थांबलें तर विचारास मिळणारा अवधि मिनिटांतच मोजावा लागतो. ज्यांचीं घरें किनाऱ्यास आहेत, ज्यांचीं मुलें सुटींत होडी बाहेर काढतात, त्यांच्यासाठीं ह्या महिन्यांत आम्ही इंजिनाच्या इंधनपुरवठ्याचा विषय घेतला आहे.

मोठ्या जहाजांचीही ह्यांतून सुटका नाहीं. २६ मार्च २०२४ रोजीं अमेरिकेंत बाल्टिमोर बंदरांतून निघालेल्या ‘डाली’ ह्या प्रचंड मालवाहू जहाजावरील वीज गेली. सुकाणू व पंखा ह्यांवरील ताबा सुटून तें फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलें. पूल कोसळला आणि त्यावर काम करणारे सहा मजूर मृत्यु पावले. जहाजावरील बहुतेक खलाशी आपले भारतीयच होते. चौकशींत असें निघालें कीं, पहिल्यांदां वीज गेली ती एका सैल तारेमुळें. ती परत आली, पण थोड्याच वेळांत पुन्हां गेली; कारण वीज उत्पन्न करणाऱ्या इंजिनांस तेल पुरविण्याकरितां जो पंप लावलेला होता, तो त्या कामाचा नव्हताच, आणि वीज आल्यावर तो आपोआप सुरू झाला नाहीं. तेल जहाजावर होतें. इंजिनापर्यंत तें पोंचलें नाहीं, एवढेंच.

आतां ही तेलाची वाट पाहूं. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. हवा जोरानें दाबली कीं ती तापते, आणि नेमक्या क्षणीं तींत तेलाचे तुषार उडविले म्हणजे ते पेट घेतात. टाकी, तोटी, पाणी वेगळें करणारी गाळणी, तेल आणणारा पंप, बारीक गाळणी, दाबाचा पंप आणि शेवटीं नोझल, असा हा क्रम असतो. तेल आणणाऱ्या पंपापर्यंत तेल ओढलें जातें. त्यापुढें तें ढकललें जातें. हा भेद ध्यानांत ठेवावा, कारण अर्धें निदान त्यांतच आहे. ढकलण्याच्या बाजूस नळीला भेग पडली तर तेल ठिबकतें आणि दिसतें. ओढण्याच्या बाजूस भेग पडली तर इंजिन चालू असतांना तेल बाहेर येण्याऐवजीं हवाच आंत शिरते, आणि नळी मात्र वरून कोरडी ठणठणीत दिसते. रंगपंचमीच्या पिचकारींत हवा राहिली कीं दट्ट्या दाबूनही धार जोरानें उडत नाहीं, हें प्रत्येक मुलास ठाऊक आहे. तेल जवळजवळ दबत नाहीं, हवा दबते. त्यामुळें पंपाचा सारा जोर हवेला दाबण्यांतच खर्ची पडतो.

आपल्या न्यायशास्त्रांत अन्वय-व्यतिरेकाची जी रीत सांगितली आहे, ती येथें पान्याहून अधिक उपयोगी पडते. कारण असतां कार्य घडतें काय, आणि कारण दूर केलें असतां कार्य थांबतें काय, एवढेंच पाहावयाचें. मात्र एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची.

समजा, इंजिन दहा-पंधरा मिनिटें नीट चालतें, मग मलूल होऊन थांबतें, आणि थोडा विसावा दिला कीं पुन्हां चालतें. अशा वेळीं टाकीचें झांकण सैल करून पाहावें. इंजिनास लगेच उभारी आली तर दोष टाकीच्या हवानळींत आहे. तेल निघून जातें त्या जागीं हवा आली नाहीं म्हणजे टाकींत पोकळी होऊन पंपास तेल ओढवत नाहीं. कुंभारीण माशीला अशी निरुद्योगी नळी घर बांधावयास फार आवडते.

झांकण सैल करूनही फरक पडला नाहीं, तर स्वच्छ तेलाचा एक डबा घेऊन त्यांतून वेगळ्या नळीनें थेट पंपास तेल द्यावें. इंजिन सुरळीत चाललें तर टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेंतच दोष आहे, हें सिद्ध झालें; पुढील महागड्या भागांस हात लावण्याचें कारण नाहीं. तरीही रडतच असेल तर बारीक गाळणी बदलावी. मंद गतीनें ठीक, पण वेग वाढवितांच दम तुटतो, हें तुंबलेल्या गाळणीचें नेहमींचें लक्षण होय. एक खूण आणखी: काळा धूर निघत असेल तर तेल कमी पडत नसून हवा कमी पडत आहे, किंवा इंजिनावर भार अधिक आहे, तेथें तेलाची वाट तपासणें व्यर्थ.

बंदरांत उत्तम चालणारें इंजिन खाडीच्या मुखाशींच कां थांबतें, ह्याचें कोडें अनेकांस पडतें. तें दैवाचें नसून गाळाचें काम आहे. शांत पाण्यांत टाकीच्या तळाशीं निवांत बसलेला मळ व पाणी पहिल्याच मोठ्या लाटेनें ढवळून निघतें आणि गाळणींत येऊन बसतें. टाकी अर्धी रिकामी असल्यास हेलकाव्याबरोबर नळीचें तोंड उघडें पडून हवाही आंत जाते. हें पाणी येतें कोठून? पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि त्या काळांत होड्या ओढून ठेवलेल्या असतात. अर्धवट भरलेल्या टाकींतील दमट हवेचें दंव आंतल्या भिंतींवर जमतें आणि तेलाहून जड म्हणून तळाशीं जातें. पाणी व तेल ह्यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतु वाढून काळी बुळबुळीत साय धरते. म्हणून डिझेलची टाकी पावसाळ्यापूर्वीं भरून ठेवावी, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास तळचें तेल कांचेच्या बाटलींत काढून रात्रभर ठेवावें. सकाळीं बाटलीच सर्व सांगते.

पेट्रोलचें उलट आहे. आजच्या पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असतें. तें पाणी शोषून घेतें, आणि पाणी मर्यादेबाहेर गेलें कीं दोन्ही मिळून तळाशीं वेगळा थर होतो. म्हणून होडीच्या मागें लावण्याच्या पेट्रोल इंजिनास पावसाळाभर पडून राहिलेलें इंधन घालूं नये. त्याच्या नळीवरील रबरी फुगा मोठा बोलका असतो: चालतां चालतां तो चपटा झाला तर टाकीकडील वाट तुंबली आहे, कितीही दाबून घट्ट होत नसेल तर टाकी रिकामी आहे, हवा शिरत आहे किंवा फुग्याची झडप गळत आहे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असून होडीच्या तळाशीं सांचते, ह्याकरितां त्या वेळीं विडीकाडी दूर असावी.

दोष काढल्यावर डिझेलच्या वाटेंतील हवा घालविण्यास गाळणीवरील लहान स्क्रू सैल करून हातपंप मारावा, आणि बुडबुडे थांबून सलग तेल येऊं लागलें कीं स्क्रू आवळावा. नोझलच्या तुषारासमोर मात्र हात कधींही धरूं नये. ती धार कातडी भेदून आंत जाते, आणि जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी तत्काळ शस्त्रवैद्याकडे जावें लागतें. आधुनिक इंजिनांत हा दाब हवेच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक असतो. त्यांच्या नळ्या घरीं सैल करूंच नयेत.

हें सर्व ज्ञान मात्र दुसऱ्या क्रमांकाचें. इंजिन थांबलें कीं प्रथम नांगर टाकावा, सर्वांनीं तरंगजाकिटें घातलीं आहेत हें पाहावें, आणि मगच झांकण उघडावें. वाहून जाणाऱ्या होडींत उत्तम तर्कशास्त्रीही चुकतो. स्थिर होडींत सामान्य बुद्धीचा मनुष्यही दोष शोधतो. सहकुटुंब होडींत बसण्यापूर्वीं इंजिन किती घोड्यांचें आहे हें तांडेलास विचारण्याची आपल्या लोकांना हौस असते. त्याऐवजीं नांगराला दोर बांधलेला आहे काय आणि जवळ नवी गाळणी आहे काय, हे दोन प्रश्न घरांतील वडील माणसांनीं विचारावेत. उत्तर समाधानकारक नसेल तर त्या दिवशीं किनाऱ्यावरूनच समुद्र पाहावा.