दमाने घ्या

मराठीच्या मास्तराने औषधपाण्यावर लिहू नये, असा एक अलिखित संकेत आहे. तो मी आज मोडणार आहे. कारण गेल्या वर्षी नवरात्रात माझ्या हातून जी चूक झाली, ती वैद्यकाची नव्हती. निव्वळ मराठीची होती.

आमच्या कन्येला दमा आहे. वय अकरा. डॉक्टरांनी तिला रोज दोन वेळा ओढायचा पंप आणि रात्री मॉन्टेलुकास्टची एक गोळी लिहून दिली होती. पावसाळा छान गेला. खोकला नाही, छातीत शिट्टी नाही. तेव्हा आमच्या आईने निकाल दिला, "पोरगी ठणठणीत आहे. तो पंप बंद कर बाबा. एकदा सवय लागली की जन्माची."

मला ते पटले. खरे सांगायचे तर पटवून घ्यायला मी टेकलोच होतो. गोळी पाण्याबरोबर गिळता येते, चारचौघांत दिसत नाही, पंप दिसतो. शिवाय त्यात स्टेरॉईड असते, हा शब्द ऐकूनच माझी गाळण उडे. गोळी चालू ठेवली. पंप कपाटात गेला. 'तिला बरे वाटते आहे' असे सौभाग्यवतींना सांगून मी मोकळा झालो.

आणि नवरात्र आले. आधी घरातली झाडाझडती, माळ्यावरच्या धुळीसकट. मग केडगावच्या देवीच्या दर्शनाची गर्दी, पुणे रस्त्याचा धुरळा, कडेला माजलेले गाजरगवत. पाचव्या माळेच्या रात्री दोन वाजता पोर उठून बसली. हात गुडघ्यांवर, खांदे वर चढलेले. "बाबा," एवढे म्हणून थांबली. श्वास घेतला. मग म्हणाली, "पाणी." दोन शब्दांचे वाक्य तिला एका दमात पुरे करता येईना. व्याकरण शिकवताना मी पूर्णविरामाविषयी पुष्कळ बोललो आहे. तो असा कधी ऐकला नव्हता.

रिक्षाने दवाखाना गाठला. तोंडावर मुखवटा, त्यातून औषधाची वाफ. पहाटे ती झोपली. डॉक्टर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सर, तिला बरं वाटत होतं. बरी नव्हती ती."

वाटणे आणि असणे! वीस वर्षे मी हा फरक मुलांना शिकवतो आहे.

मग त्यांनी कागदावर श्वासनलिकेचे चित्र काढून दिले. दमा म्हणजे नुसती आवळलेली नळी नव्हे; आतून सुजलेली नळी. ही सूज खोकला नसतानाही धुमसत असते. ती पेटवणारी द्रव्ये अनेक. त्यांतल्या एका घराण्याचे नाव ल्यूकोट्रायीन. ग्रीकमध्ये 'ल्यूकोस' म्हणजे शुभ्र, आपल्या 'रुच्' धातूचा दूरचा भाऊबंद. इथे पांढऱ्या पेशींना उद्देशून. 'ट्राय' म्हणजे आपला 'त्रि', कारण या रेणूत तीन दुहेरी बंध एकामागोमाग असतात.

या द्रव्याचा शोधही मोठा रंजक. १९३८ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे फेल्डबर्ग आणि केलावे हे गिनिपिगच्या फुप्फुसांवर नागाचे विष काय करते ते पाहत होते. त्यातून एक पदार्थ निघाला. तो स्नायू आवळी. पण हिस्टामीनसारखा झटकन आवळून सोडून देई ना. सावकाश आवळी आणि पुष्कळ वेळ धरून ठेवी. म्हणून नावच पडले, सावकाश काम करणारा पदार्थ. दोन वर्षांनी ॲलर्जीच्या झटक्यातही तसाच पदार्थ सापडला. गुणांनी ओळखीचा आणि रूपाने अनोळखी असा तो चाळीसेक वर्षे राहिला. १९७९ साली स्वीडनच्या बेंग्ट सॅम्युएलसन यांनी त्याची रचना उलगडली आणि आजचे नाव दिले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात ते एक वाटेकरी होते.

पेशीच्या आवरणातल्या एका स्निग्धाम्लापासून ही द्रव्ये बनतात. ती नळी आवळतात, चिकट कफ वाढवतात, भिंतीला सूज आणतात आणि सुजेला हातभार लावणाऱ्या आणखी पेशींना बोलावून घेतात. मॉन्टेलुकास्ट त्यांना मारीत नाही. ज्या कुलपात त्यांची किल्ली बसते ते कुलूप अडवून धरते. उपाय नामी आहे. पण वाड्याला दारे अनेक आणि ही गोळी राखते त्यांतले एक! सगळ्या सुजेवर हात फिरवणारे औषध त्या पंपातच होते, आणि तोच मी कपाटात ठेवला. ज्या स्टेरॉईडला मी भ्यालो, ते एका ओढीत मायक्रोग्रॅमने मोजावे इतके असते आणि थेट फुप्फुसात जाते. नंतर चूळ भरायची, एवढे पथ्य.

उलट माझ्या निरुपद्रवी गोळीचीही एक बाजू आहे. काहींना तिने वाईट स्वप्ने पडतात, चिडचिड होते, मन खचते, क्वचित जिवाचे बरेवाईट करण्याचे विचारही येतात. २०२० साली अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने तिच्यावर ठळक इशारा छापायला लावला. ती घेणाऱ्या मुलाचा स्वभाव अचानक बदलला, तर 'हट्ट' म्हणून सोडू नये, डॉक्टरांना सांगावे. आणि पंप आपल्या मनाने बंद करू नये. हे लिहिण्याचा अधिकार मला माझ्या चुकीनेच दिला आहे.

'दम' हा शब्द फारसीतून आला, अर्थ श्वास. आपण दम खातो, दम धरतो, दुसऱ्याला दमही देतो. नुसता घ्यायची पाळी आली की मात्र त्याची किंमत कळते.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आमच्या घरी चकल्या तळून झाल्या असतील. कन्येला धुरापासून लांब, माडीवर बसवायचे ठरले आहे. पंप आता देवघराशेजारच्या फळीवर असतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. रोज सकाळी स्वयंपाकघरातून आईची हाक येते, "पंप ओढलास का गं? चूळ भर आधी, मग चहा!"

सवय लागली आहे खरी. पण ती आईला.