गावाने सांभाळलेला माणूस

१५ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या छोट्या गावी डोनाल्ड ट्रिप्लेट हे वयाच्या ८९व्या वर्षी निवर्तले. आपल्याकडे या नावाची दखल फारशी कोणी घेतली नाही. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात मात्र त्यांचे स्थान अढळ आहे. बाल्टिमोरचे बालमानसतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांवर जो निबंध प्रसिद्ध केला आणि ज्यातून ‘ऑटिझम’ म्हणजेच स्वमग्नता ही अवस्था जगापुढे आली, त्या निबंधातील पहिला मुलगा म्हणजे हा डोनाल्ड.

त्याचा जन्म १९३३चा. मूल कोणाच्या नजरेला नजर देत नाही, हाकेला ओ देत नाही, आपल्याच नादात तासन्‌तास वस्तू फिरवीत बसते, हे पाहून तत्कालीन वैद्यकीय सल्ल्यानुसार चार वर्षांचाही न झालेल्या डोनाल्डला घरापासून दूर संस्थेत ठेवण्यात आले. सुमारे वर्षभरानंतर, १९३८ साली, आईवडिलांनी त्याला परत आणले. वडील वकील होते. त्यांनी मुलाच्या वर्तनाचे बारकाईने टिपण करून ३३ पानी पत्र कॅनर यांना धाडले. शास्त्राला मिळालेली ही पहिली नोंद एका पित्याच्या हातची आहे, हे विसरता कामा नये.

पुढची कथा शास्त्रापेक्षा गावाची अधिक आहे. काही वर्षे हा मुलगा एका शेतकरी दांपत्याकडे राहिला. त्याला मोजमापाचे विलक्षण वेड. शेतकऱ्याने ते वेड मोडून काढले नाही. त्याने त्याला विहीर खणायला लावली आणि खोली मोजून सांगायला सांगितले. मक्याच्या ओळी मोजण्याचा नाद होता, तर नांगर धरून ओळी मोज म्हटले. त्या अशिक्षित शहाणपणापुढे मोठमोठ्या संस्थांनी मान लववावी! पुढे डोनाल्ड शिकले, १९५८ साली फ्रेंच विषय घेऊन पदवीधर झाले, गावच्या बँकेत त्यांनी साठ वर्षांहून अधिक काळ काम केले, गोल्फ खेळले, एकट्याने अनेक देश पाहून आले. उतारवयात त्यांच्या शोधात पत्रकार गावी आले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आधी बजावले की, आमच्या माणसाला इजा पोहोचेल असे काही कराल, तर गाठ आमच्याशी आहे.

यावर कोणी म्हणेल की, बँक आईच्या माहेरच्या घराण्याची होती, पैसा होता, म्हणून हे जमले. आक्षेप खरा आहे. त्याच काळात निर्धन घरांतील असंख्य मुले संस्थांच्या भिंतींआडच संपली. परंतु पैशाने नोकरी मिळते. साठ वर्षे रस्त्यात थांबून बोलणारा शेजार पैशाने मिळत नाही.

आता महाड-पोलादपूरकडे वळू. सावित्रीच्या खोऱ्यातील वाड्यावस्त्यांत असा एखादा माणूस असतोच. ‘खुळा’, ‘वेडसर’ असे त्याचे नाव पडलेले असते. पण तो गुरांमागे जातो, पाणी भरतो, शिमग्याला पालखीपुढे नाचतो आणि कोणत्याही घरी त्याला भाकरी मिळते. नावे ठेवणारा हा समाज त्याला जेवूही घालीत होता, हे दोन्ही खरे आहे. ही व्यवस्था उभी होती ती भरल्या घरावर आणि भरल्या वाडीवर. आज घरे कुलूपबंद आहेत. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतो आणि परत जातो. मागे उरतात सत्तरीपलीकडची आई आणि तिचा पन्नाशीचा मुलगा. पूर्वी अशी मुले फार जगत नसत. डाऊन सिंड्रोम असलेल्यांचे सरासरी आयुर्मान शतकापूर्वी दहा-बारा वर्षांच्या आसपास होते. प्रगत देशांत आज ते साठीला पोहोचले आहे. आयुष्य वाढले, ही आनंदाचीच गोष्ट. पण आईच्या पश्चात कोण, हा प्रश्नही त्यासोबत वाढला आहे.

कायदा मुका नाही. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार अशा व्यक्तीला अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती तो नेमते. ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचे आरोग्य विम्याचे संरक्षण आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चावा, असा शासनाचा दंडक आहे. परंतु पोलादपूरच्या डोंगरातील म्हातारीला अलिबाग शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. तिला हे सांगणार कोण? अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे बेवारस दिव्यांग मुलांना आपले नाव देणारे शंकरबाबा पापळकर यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. अठरा वर्षे पूर्ण होताच अशा मुलांना बालगृहातून बाहेर काढू नये, त्यांना आजन्म आसरा मिळावा, हे त्यांचे मागणे आहे. गौरव झाला, मागणी मात्र अजून पुरती ऐकली गेलेली नाही.

या भागात प्रश्न केवळ उद्याचा नाही. जुलै २००५मध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते येथे आणि २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे डोंगर खचला. पावसाळ्याच्या रात्री वाडी खाली करण्याची हाळी आली, तर जो हाकेला ओ देत नाही, अनोळखी माणसाच्या स्पर्शाने बिथरतो, त्याला हात धरून बाहेर कोण काढणार? ते काम त्याला ओळखणाऱ्या शेजाऱ्याचेच आहे आणि तो शेजारी आधी ठरलेला हवा.

म्हणून प्रत्येक ग्रामसभेने एक साधी यादी करावी. गावात अशी माणसे किती, त्यांच्यासोबत आज कोण आहे, उद्या कोण असेल, पालकत्वाचा अर्ज झाला का, पाच टक्के कोठे गेले? महाडच्या पतसंस्थांनी, दुकानदारांनी, औद्योगिक वसाहतीतील कारखानदारांनी मोजण्याचे, लावण्याचे, पोहोचविण्याचे एखादे काम अशा एकेका माणसासाठी राखावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. नांगराच्या ओळी मोजू देणाऱ्या त्या शेतकऱ्याकडेही तो नव्हता. माणूस आपला आहे, एवढेच त्याने मानले होते.