देऊळ, राऊळ आणि आजोळ

मागच्या महिन्यात पुण्याहून लेकीच्या लेकीचा फोन आला. "आबा, थ्रू, दो, टफ, कॉफ... शेवटची चार अक्षरं तीच, मग उच्चार वेगळे का?" मी म्हटलं, "पोरी, त्यातल्या शेवटच्या दोन अक्षरांचा जुन्या इंग्रजीत घशातून, आपल्या 'ख'च्या जवळचा उच्चार व्हायचा. पुढे तो कुठे गळाला, कुठे त्याचा 'फ' झाला. स्पेलिंग मात्र जागचं हललं नाही." पोरगी खूश. लगेच दुसरा प्रश्न, "मग आपल्या गावाला देऊळघाट का म्हणतात? मंदिरघाट का नाही?"

मंडळी, मी क्षणभर गप्प झालो. आयुष्यभर मास्तरकी केली, इंग्रजी स्पेलिंगच्या याद्या घोकून घेतल्या, चुकलं की छडीही मारली. पण पैनगंगेत डुंबणाऱ्या त्या पोरांना त्यांच्याच गावाचं नाव कधी फोडून दाखवलं नाही. ही चूक माझी.

आता दाखवतो. संस्कृतात देवकुल, म्हणजे देवाचं घर. प्राकृत बोलणाऱ्यांच्या तोंडी दोन स्वरांमधला एकटा 'क' टिकत नसे. तो गळाला, देउल राहिलं, 'ल'चा 'ळ' झाला आणि आलं आपलं देऊळ. राजकुलाचं तसंच राऊळ झालं, म्हणजे राजवाडा. पुढे तो शब्द आदराने माणसालाही लागला. तेराव्या शतकातले ऋद्धिपूरचे गुंडम राऊळ आपल्या वऱ्हाडातलेच. आणि आजाचं कुळ ते आजोळ! तिन्हींच्या शेपटीत तेच कुळ लपलेलं आहे. कुंभकाराचा कुंभार आणि लोहकाराचा लोहार झाला, तोही याच 'क'च्या गळतीने.

इंग्रजीने आवाज घालवला, पण अक्षरं जपली. आपण बोललो तसं लिहिलं, त्यामुळे 'क' कागदावरूनही गेला. म्हणून आपल्याकडे हे कुणीतरी सांगावं लागतं.

मंदिर या शब्दाशी माझं भांडण नाही. तोही आपलाच. पण देऊळ पिढ्यान्‌पिढ्या तोंडातून घासत आलंय. ओडिशातही देवळाला देउळच म्हणतात. आपल्याच जिल्ह्यात देऊळगाव राजा आहे. आणि हल्ली बोलताना आपण 'टेम्पल'ला जातो, मुलं सुट्टीत 'ग्रँडपा'कडे जातात. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले. आनंदच आहे. पण दर्जा दिल्लीहून येतो, शब्द घरातूनच जातात.

माझं मत सरळ आहे. भाषेचा पहिला तास गावाच्या नावापासून सुरू व्हावा. शिक्षक असाल तर वर्गात करा, आजी-आजोबा असाल तर फोनवर करा. त्याला ना अनुदान लागतं, ना पुस्तक.

नातीला हे सगळं सांगितलं. थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "म्हणजे आबा, देऊळघाट माझं आजोल आहे!" तिचा 'ळ' अजून 'ल'कडे झुकतो. असो. दिवाळीत येतेय, तेव्हा बघू. शब्द आला, हे काय कमी आहे?