परसबागेतील वैशाखफुले : हौस नव्हे, गरज

चैत्र सरत आला की विहिरी तळ गाठू लागतात आणि परसबागेत कोणत्या झाडाला पाणी घालावयाचे व कोणते सोडून द्यावयाचे, याचा हिशेब घरोघर सुरू होतो. या हिशेबात पहिली काट बसते ती फुलझाडांना. फुले काही पोटात जात नाहीत, असे म्हणून झेंडूचा वाफा वाळू दिला जातो. दुरून पाणी वाहून आणणाऱ्या गृहिणीने असा विचार करावा, यात नवल नाही. परंतु हा हिशेब पुरता नाही.

उन्हाळ्यात परसबागेचा मुख्य आधार म्हणजे वेलभाज्या : काकडी, भोपळा, दुधी, दोडका. या वेलांवर नरफुले व मादीफुले वेगवेगळी येतात. मादीफुलाच्या मागे इवलेसे फळ असते. नरफुलास नुसता देठ असतो. नरफुलातील पराग मादीफुलावर पोहोचला तरच ते फळ धरते. पराग अपुरा पडल्यास कोवळे फळ पिवळे पडून गळते, किंवा काकडी एका टोकास फुगीर व दुसऱ्या टोकास बारीक राहते. अशा वेळी खताचा किंवा बियाण्याचा दोष काढला जातो. खरी उणीव पुष्कळदा मधमाशीची असते.

रब्बीची पिके निघाल्यावर शिवार उघडे पडते. मधमाशांना पराग व मध मिळण्याची ठिकाणे कमी होतात. ज्या परसात फुले आहेत तेथे त्यांची ये-जा राहते व शेजारच्या वेलांचेही काम होते. म्हणून फुलझाडास घातलेले पाणी भाजीसच घातले, असे समजावे.

यासाठी पिण्याच्या पाण्याचा एक थेंबही खर्चण्याचे कारण नाही. न्हाणीचे सांडपाणी खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळून झेंडूच्या वाफ्यात सोडावे आणि आळ्यांवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. झेंडूचे बी माघ-फाल्गुनात टाकल्यास वैशाखात फुले मिळतात. त्याच्या मुळांतील द्रव्यामुळे जमिनीतील काही सूत्रकृमींनाही आळा बसतो. तुळशीच्या सर्व मंजिऱ्या न खुडता एक-दोन रोपांवर त्या राहू द्याव्यात. मधमाशा त्यांवर आवडीने येतात. उथळ परळात खडे घालून थोडे पाणी ठेवल्यास त्यांची तहानही भागते. मोगऱ्याचा या कामी विशेष उपयोग नाही, हे खरे; परंतु थंडीत छाटणी केलेला मोगरा उन्हाळ्यात बहरतो, आणि जवळ बाजार असल्यास त्याच्या कळ्या घरखर्चास हातभार लावतात.

मधमाशी बोलवावयाची आणि सकाळीच वेलावर विषारी औषध फवारावयाचे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. भोपळा व काकडीची फुले सकाळी उमलतात व त्याच वेळी त्यांवर मधमाशांची वर्दळ असते. तांबडे भुंगेरे पहाटे सुस्त असतात. घरच्या चार वेलांवरील भुंगेरे तेव्हा हातांनी वेचून नष्ट करणे सहज शक्य आहे.

मधमाशा अगदीच नसतील तर ताजे नरफूल तोडून, पाकळ्या काढून, त्याचा पराग मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. भोपळ्यासाठी हे काम भल्या सकाळी करावे. दुधी व दोडक्याची फुले सायंकाळी उमलतात, म्हणून त्यांचे सायंकाळी. भाजीसाठी भोपळ्याची फुले खुडावयाची असल्यास नरफुलेच खुडावीत व काही वेलावर राखावीत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी परसबागेचा आराखडा देताना भाजीच्या वाफ्यांबरोबर फुलांची एक ओळ आवर्जून आखून द्यावी. ती ओळ शोभेच्या सदरात न घालता उत्पादनाच्या सदरात मांडली, तर वैशाखात पाण्याची वाटणी करताना तिच्यावर पहिली काट बसणार नाही.