वाघ आला की वाघ आली?

भामरागडकडच्या एका आश्रमशाळेत काही वर्षे मी मराठी शिकवत होतो. एका माडिया मुलाने निबंधात लिहिले, ‘वाघ आली.’ मी लाल पेन्सिलीने ‘आला’ केले, वर दोन गुण कापले. मुलगा काही बोलला नाही. पुढच्या निबंधात त्याने वाघाचे नावच काढले नाही.

चूक कुणाची, ते मला सिरोंच्यात उमगले. तिथे तेलुगू घरोघर. एका स्नेह्याने समजावले, एकेरीत ‘तो आला’ म्हणजे ‘वच्चाडु’, ‘ती आली’ म्हणजे ‘वच्चिंदि’, आणि वाघ आला तरी ‘पुलि वच्चिंदि’च! पुरुष तेवढा वेगळा. बाई, वाघ, झाड, दगड सारे एका पंगतीला. गोंडी आणि माडिया याच द्राविड कुळातल्या, त्यांचीही विभागणी अशीच. (बायकांनी यावर रागवावे की वाघाशेजारी पाट मिळाला म्हणून खूश व्हावे, हे मी घरी विचारलेले नाही.) मुलाने घरचे व्याकरण मराठीत आणले होते, इतकेच.

आणि आपले तरी काय? तो कोल्हा, ती खार, ते अस्वल. घार नर असली तरी ‘ती’च. जर्मन भाषेत कुत्रा पुल्लिंगी, मांजर स्त्रीलिंगी आणि घोडा चक्क नपुंसकलिंगी!

अर्थही असेच रान बदलतात. मृग म्हणजे आपल्याला हरीण. पण संस्कृतात मुळात कोणतेही रानजनावर, म्हणून तर सिंह मृगेंद्र. तेलुगू-कन्नडात तो अर्थ अजून नांदतो. इंग्रजी ‘डिअर’चेही नेमके हेच झाले, त्याचा जर्मन भाऊ ‘टीअर’ मात्र अजून साऱ्या प्राण्यांचा आहे. रशियन माणूस अस्वलाला ‘मध खाणारा’ म्हणतो. मूळ नाव भीतीपोटी टाकले गेले, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. आपल्या खेड्यांत रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणतात, ते काय वेगळे? वाघाला तर आपण विठोबा-खंडोबांच्या ओळीत बसवून ‘वाघोबा’ केले.

चंद्रपूर-गडचिरोलीत वाघाने माणूस मारल्याच्या बातम्या आता नेहमीच्या झाल्या आहेत. सावधगिरीचे जे फलक मी पाहिले, ते मराठीत. ज्या पोराने जंगलातून शाळेत यायचे, त्याला वाघाविषयी त्याच्या भाषेत कोण सांगणार? धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर तिला सरकारी मान्यतेसाठी झगडावे लागले. निदान या भागात नेमणूक होणाऱ्या गुरुजींना गोंडी व्याकरणाचे चार धडे द्यावेत. दोन दिवसांचे काम आहे. मला कुणी ते दिले असते, तर त्या मुलाच्या दुसऱ्या निबंधातही वाघ आला असता. किंवा आली असती.