उत्क्रांतीचा धडा आणि बहुजनांची मुले

माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले नाही, सबब डार्विन चूक, असे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह २०१८ साली औरंगाबादेस बोलले. मग ब्रह्मदेवाच्या मुखातून एक व पायांतून दुसरा जन्मताना तरी कोणी पाहिले? जोतीरावांनी १८७३ सालीच ‘गुलामगिरी’त त्या थोतांडाचे वाभाडे काढले. सर्व मनुष्यांचे मूळ एक, हे उत्क्रांती पुराव्यानिशी शिकविते. २०२३ साली एनसीईआरटीने ती दहावीतून गाळली. बारावीच्या जीवशास्त्रात तेवढी ठेवली. आम्ही विचारतो, येवल्याकडील शेतकऱ्यांची व विणकरांची किती मुले तेथवर पोचतात? राज्याच्या २०१८ सालच्या दहावीच्या पुस्तकात हा धडा आहे. पुढील पुस्तकातून तो गळू देणार नाही, असे पालकांनी शिक्षण खात्यास आजच बजावावे.